जर्मनीचं फास्ट-ट्रॅक वर्क परमिट: घड्याळ नेमकं कधी सुरू होतं?

नेकारकाठ

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने व्यनित (खासगी निरोपांत) एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. जर्मनीतल्या कंपनीची ऑफर आलीय, एचआर म्हणतोय फास्ट-ट्रॅकने करू, मग इथल्या नोकरीचा राजीनामा कधी टाकू? प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा धागाच काढते, म्हणजे बाकीच्यांचे अनुभवही एका जागी येतील.

मी स्टुटगार्टजवळ मशीनचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरमधे आहे, बाहेरच्या देशातून घेतलेल्या इंजिनिअर लोकांचे कागद माझ्याच टेबलावरून पुढे जातात. म्हणजे मी कंपनीच्या बाजूने बोलतेय, पण स्वतःही पुण्याहून इकडे आलेली आहे त्यामुळे दुसरी बाजूही चांगली माहितीय.

अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मधे नव्या एचवनबी अर्जांवर १ लाख डॉलरची फी लावली आणि तेव्हापासून इकडे चौकशी खूप वाढलीय. त्याच आठवड्यात दिल्लीतले जर्मन राजदूत फिलिप आकरमान यांनी व्हिडिओ टाकला होता, आमचं धोरण जर्मन गाडीसारखं भरवशाचं आहे, रातोरात नियम बदलत नाही वगैरे. त्याच्या आधी ऑक्टोबर २०२४ ला जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्झ दिल्लीत आलेले तेव्हा भारतीयांसाठी कुशल कामगार व्हिसाची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० करणार अशी घोषणा झालेली. हे सगळं खरंय आणि चांगलंच आहे, पण घोषणा ऐकून लोक जे गृहीत धरतात आणि प्रत्यक्षात फाईल जशी सरकते त्यात बराच फरक आहे, म्हणून हे लिहिणं.

तर फास्ट-ट्रॅक म्हणजे जर्मनीच्या निवास कायद्यातलं कलम ८१ अ. १ मार्च २०२० पासून लागू आहे. यात अर्ज तुम्ही करत नाही, कंपनी करते. तुम्ही कंपनीला मुखत्यारपत्र लिहून द्यायचं, मग कंपनी तिच्या भागातल्या आउसलेंडरबेह्योर्डेशी, म्हणजे परदेशी नागरिकांचे परवाने बघणाऱ्या ऑफिसशी, लेखी करार करते आणि ४११ युरो भरते. तिथून पुढे डिग्रीची मान्यता, रोजगार खात्याची संमती या सगळ्याच्या मागे ते ऑफिस लागतं. सगळं जुळलं की पूर्वसंमतीचं पत्र मिळतं. ते पत्र तुमच्या हातात आलं की भारतातल्या जर्मन वकिलातीने तीन आठवड्यांच्या आत अपॉइंटमेंट द्यायची आणि पूर्ण अर्ज घेतल्यावर साधारण पुढच्या तीन आठवड्यांत निकाल द्यायचा. महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईच्या वकिलातीकडे आहे. रोजगार खात्याला या पद्धतीत एकच आठवडा मिळतो, तेवढ्यात त्यांनी काही कळवलं नाही तर संमती दिली असं धरतात. नर्ससारख्या पेशात मान्यता घ्यावीच लागते, तिथे मान्यता देणाऱ्या खात्याला दोन महिने.

आता माझा सगळा जीव ज्या वाक्यात आहे ते वाक्य. या सगळ्या मुदती कागद पूर्ण झाल्यापासून मोजतात. ऑफर लेटरवरच्या तारखेपासून नाही, करारावर सही झाल्यापासून नाही आणि ४११ युरो भरल्यापासून तर नाहीच नाही. फाईलमधे एक कागद कमी असेल तर घड्याळ सुरूच झालेलं नसतं, आणि इकडे पुण्यात बसलेला माणूस मात्र दिवस मोजत असतो.

मी बघितलेल्या फाईली कुठे अडकतात सांगू? नावात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडलांचं, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, वडलांचं नाव कधी असतं कधी नसतं. लग्न झालेल्या मुलींची डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. आपल्याला बघताक्षणी कळतं की माणूस एकच आहे, इथल्या क्लार्कला कळत नाही, आणि त्याचा त्यात दोषही नाही. एकाच्या पदवीवर मधलं नाव पूर्ण होतं, मार्कशीटवर नुसतं अक्षर, एक्स्पिरिअन्स लेटरवर मधलं नावच गायब. त्या ऑफिसने तिन्ही कागद एकाच व्यक्तीचे असल्याचा पुरावा मागितला आणि फाईल बाजूला ठेवली. म्हणून ऑफर यायच्या आधीच, नुसते इंटरव्ह्यू चालू असतानाच, सगळे कागद टेबलावर पसरून नावं जुळवून बघा. फरक असेल तर अ‍ॅफिडेव्हिट करा, लग्नाचा दाखला आणि त्याचं भाषांतर तयार ठेवा.

दुसरी अडचण कंपनीच्या बाजूची. नोकरीच्या तपशिलाचा एक सरकारी फॉर्म असतो, तो कंपनीने भरायचा. आठवड्याचे तास, वर्षाची सुट्टी, मासिक पगार, कामाचं वर्णन, काम नेमकं कुठे. पहिल्यांदाच परदेशी माणूस घेणाऱ्या छोट्या कंपन्या तिथे हमखास गडबड करतात. कामाच्या वर्णनात नुसतं "इंजिनिअर" लिहितात, किंवा करारात ४० तास आणि फॉर्मवर ३८. तुमच्या एचआरला लाज न बाळगता विचारा की तुम्ही हे आधी कधी केलंय का, आणि भरलेला फॉर्म पाठवायच्या आधी मला बघायला द्याल का. चांगली कंपनी आनंदाने देते.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहिते.

कोथरूडचा_अभि

ताई फार वेळेवर धागा काढलात, धन्यवाद. माझं मेकॅनिकल, पुणे विद्यापीठ, २०१३ ची बॅच. कार्ल्सरूहजवळच्या कंपनीची ऑफर आहे वर्षाला ४७,००० युरो. ब्लू कार्डाची, म्हणजे डिग्रीवाल्यांच्या त्या वर्क परमिटची, पगाराची मर्यादा कुठे ५०,७०० वाचली कुठे ४८,३०० वाचली, म्हणजे मी बसतच नाही असं धरायचं का? आणि अनाबीनवर (परदेशी विद्यापीठं-डिग्र्यांच्या जर्मन यादीवर) सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि नुसतं युनिव्हर्सिटी ऑफ पुणे यात गोंधळ झालाय, डिग्रीवर जुनं नाव आहे. आणि हो, माझा नोटिस पिरियड ९० दिवसांचा आहे.

नेकारकाठ

अभि, बसतोस, काळजी नको. ४८,३०० हा २०२५ चा आकडा, ५०,७०० हा २०२६ चा, पण ही झाली सर्वसाधारण मर्यादा. ज्या पेशांत माणसं कमी आहेत त्यांना कमी मर्यादा लागते आणि इंजिनिअर, आयटी, डॉक्टर हे सगळे त्यात येतात. ती २०२५ ला ४३,७५९.८० होती, २०२६ ला ४५,९३४.२० आहे. गेल्या तीन वर्षांत डिग्री झालेल्या नव्या पोरांनाही कमी मर्यादाच लागते, पेशा कुठलाही असो. फक्त एवढंच की कमी मर्यादेत बसलं की रोजगार खात्याची संमती घ्यावी लागते, वरच्या मर्यादेत ती लागत नाही. म्हणजे तुझ्या बाबतीत फास्ट-ट्रॅकचा थोडा तरी उपयोग आहे.

आकडा दर जानेवारीला बदलतो हे लक्षात ठेव. डिसेंबरात करार आणि जानेवारीत अर्ज असं होणार असेल तर पगार नव्या आकड्याप्रमाणेच लिहून घ्यायचा, थोडक्यासाठी फाईल परत आलेली बघवत नाही.

विद्यापीठाचं नाव २०१४ ला बदललं, तुझी डिग्री त्याआधीची, त्यामुळे डिग्रीवरचं नाव जुनं असणारच. अनाबीनवर विद्यापीठाच्या पानाची आणि डिग्रीच्या पानाची अशी दोन्ही प्रिंट काढ, लोक फक्त विद्यापीठाची काढतात. विद्यापीठासमोर एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त असल्याची खूण, हवी. कॉलेजचं नाव शोधत बसू नकोस, डिग्री ज्या विद्यापीठाने दिली ते बघतात. डिग्रीचा प्रकार तिथे सापडला नाही तर मात्र बॉनच्या झेडएबी या संस्थेकडून तुलनेचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल, आणि ते फास्ट-ट्रॅक सुरू व्हायच्या आधीच मागवलेलं बरं.

राहता राहिला नोटिस पिरियड, त्याबद्दल शेवटी लिहिते, तो मोठा विषय आहे.

म्युन्शेनचा_मिलिंद

मी जरा वेगळं मत मांडतो. माझ्या मते आयटीतल्या, अनाबीनवर सरळ सापडणाऱ्या डिग्रीच्या आणि वरच्या मर्यादेहून जास्त पगाराच्या माणसाने फास्ट-ट्रॅकच्या वाटेला जाऊच नये. माझ्या मित्राच्या कंपनीने उत्साहाने ४११ भरायची तयारी दाखवली, पण ज्या गावात कंपनी होती तिथलं ऑफिस इतकं गर्दीचं की करारावर सही करायची तारीखच मिळेना. नुसत्या ईमेलला उत्तर नाही. शेवटी त्याने कंपनीला सांगितलं राहू दे, आणि मुंबईतून नेहमीच्या मार्गाने ऑनलाइन अर्ज टाकला, तो आधी मंजूर झाला. २०२५ च्या जानेवारीपासून जर्मनीचे राष्ट्रीय व्हिसाचे अर्ज वकिलातीच्या पोर्टलवर ऑनलाइन भरता येतात, कागद आधी अपलोड करायचे, ते तपासतात, काही कमी असेल तर कळवतात, मग बोलावतात. पूर्वी अपॉइंटमेंटला जाऊन मग कळायचं की एक कागद राहिला. तो त्रास गेला हीच माझ्या दृष्टीने खरी फास्ट-ट्रॅक.

नेकारकाठ

मिलिंद, पूर्ण पटलं, आणि हे लिहायचं राहिलंच होतं. पत्र मिळाल्यानंतरच्या मुदती कायद्यात आहेत, पण त्याच्या आधी ऑफिसने कंपनीला कधी वेळ द्यायचा हे गावागावावर आहे. म्हणून बऱ्याच राज्यांनी हे काम एका जागी आणलंय. नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालियाचं बॉनला, बायर्नचं न्युर्नबर्गला, बर्लिनमधे कंपन्यांसाठी वेगळा विभाग आहे, आणि आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गनेही २०२५ मधे स्टुटगार्टला राज्याचं वेगळं ऑफिस सुरू केलं. जिथे असं मध्यवर्ती ऑफिस आहे तिथे रोज हेच काम करणारी माणसं असतात, त्यामुळे फरक पडतो. कंपनी कुठल्या राज्यात आहे ते बघून ठरवा.

माझा अंदाज विचाराल तर: पगार वरच्या मर्यादेपुढे, डिग्री स्वच्छ, तर सरळ ऑनलाइन अर्ज करा. पगार कमी मर्यादेत, किंवा मान्यता घ्यावी लागणारा पेशा, किंवा बायको-मुलांना बरोबरच न्यायचंय, तर फास्ट-ट्रॅक. कुटुंबाचा अर्ज त्याच सुमाराला केला तर तोही त्याच प्रक्रियेत जातो, हा फायदा कित्येक एचआरना माहीतच नसतो.

सांगलीची_सिस्टर

नेकारकाठ ताई नर्सेसबद्दल पण लिहा ना, कारण फास्ट-ट्रॅक म्हटलं की सगळे आयटीवाल्यांचंच बोलतात. मी स्वतः मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, सध्या बाडेन-व्युर्टेमबर्गमधे हॉस्पिटलात आहे, मान्यतेच्या परीक्षेतून गेलेय म्हणून थोडं सांगते.

आमच्या डिग्री डिप्लोमाची तुलना इथल्या नर्सिंगशी होते आणि जवळपास सगळ्यांनाच कमतरतेचं पत्र येतं, म्हणजे हे हे विषय तुमच्याकडे कमी आहेत, परीक्षा द्या किंवा इथे ठराविक काळ शिकत काम करा. ते पत्र आलं म्हणजे नकार आला असं समजून मुली रडत बसतात, तसं नाहीये, ते पत्र घेऊनच व्हिसा मिळतो आणि पुढचं इथे येऊन पूर्ण करता येतं. पण ते पत्र लवकर यायचं तर तासांचा तक्ता लागतो. थिअरी किती तास, प्रॅक्टिकल किती, त्यात मेडिकल वॉर्ड किती, सर्जरी किती, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, सगळं वेगवेगळं. आपल्या कॉलेजच्या मार्कशीटवर हे नसतं. कॉलेजात जाऊन क्लार्कच्या मागे लागून लेटरहेडवर घ्यावं लागतं, प्राचार्यांची सही शिक्का, मग मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर. जी कॉलेजं बंद पडलीत किंवा नाव बदललंय तिथल्या मुलींचे तर हालच आहेत. म्हणून ज्या आत्ता शिकतायत त्यांना माझं कळकळीचं सांगणं, कॉलेज सोडतानाच हा तक्ता घेऊन बाहेर पडा, जर्मनीला जायचं असो नसो.

आणि भाषा. जर्मनची बी२ पातळी झाल्याशिवाय पूर्ण मान्यता नाही. फास्ट-ट्रॅकने खात्याला दोन महिन्यांची मुदत घातलीय, पण जर्मन शिकायला जो वेळ लागतो तो लागतोच. रात्रपाळी करून जर्मन शिकणाऱ्या मुली मी बघितल्यात, त्यांच्या मेहनतीला तोड नाही.

वऱ्हाडी_पाहुणा

नमस्कार. माझ्या लहान भावाचं इलेक्ट्रिशियनचं आयटीआय झालंय, अकोल्यात काम करते तो. आपल्या सरकारचा आणि त्या बाडेन राज्याचा करार झाला ना २०२४ मधे, १० हजार लोकं पाठवणार म्हणून, त्याच्यात नाव नोंदवायचं म्हणून राहिला होता. आता एक एजंट म्हणून राहिला की करारामुळे परमिट फास्ट-ट्रॅकमधे आहे, साडेतीन लाख भरा, स्लॉट बुक करून देतो. बाबा एफडी मोडायला निघालेत. मला काही बरोबर वाटत नाही, तुम्ही सांगा.

नेकारकाठ

दादा, बाबांना थांबवा. आजच फोन करा.

स्लॉट बुक करून देतो हे वाक्यच खोटं आहे. फास्ट-ट्रॅकमधे विकत घेण्यासारखा स्लॉट नसतोच. ४११ युरो त्या सरकारी ऑफिसची फी, ७५ युरो व्हिसाची फी, मान्यतेचा आणि भाषांतराचा खर्च वेगळा, आणि हे सगळं सुरू करायला जर्मनीतली एक खरी कंपनी लागते जिने तुमच्या भावाच्या नावाने करार केलाय. कंपनीचं नाव, तिचा पत्ता, पगाराचा आकडा आणि सही असलेला करार दाखवा म्हणा. ते नसेल तर पुढचं बोलणंच नको.

करार फेब्रुवारी २०२४ ला झाला, नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे पेशे त्यात आहेत हे बरोबर. पण दोन सरकारांच्या करारामुळे कुणाचंही परमिट आपोआप होत नाही. प्रत्येकाला तीच प्रक्रिया, तीच मान्यता, तीच भाषा. भावाच्या ट्रेडमधे दोन वाटा आहेत. एक म्हणजे आयटीआयची तुलना इथल्या प्रशिक्षणाशी करून मान्यता घ्यायची. दुसरी अनुभवाची वाट, आपल्या देशात सरकारमान्य असं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव असेल तर काही पेशांत मान्यतेशिवायही येता येतं, पण तिथे पगाराची अट मोठी आहे, २०२५ ला ती वर्षाला ४३,४७० युरो होती. नव्याने येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तेवढं देणारी कंपनी मिळणं अवघड, म्हणून मान्यतेचीच वाट धरायला लावा आणि त्याआधी जर्मन शिकायला लावा. ट्रेडचं प्रमाणपत्र, अनुभवाची पत्रं, त्यात नेमकं काय काम केलं, वायरिंग घरगुती की औद्योगिक, पॅनेल बसवले का, असं खुलासेवार लिहून घ्या.

आणि एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. नोंदणीकृत एजंटलाही भारतीय नियमांप्रमाणे ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच सर्व्हिस फी घेता येते. साडेतीन लाख कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करता येते.

सांगलीची_सिस्टर

यात माझी भर. नर्सिंगमधे तर मुलीने एक रुपया देऊ नये असं माझं ठाम मत आहे. जर्मन सरकारने नर्सिंग भरतीसाठी एक गुणवत्ता शिक्का काढलाय, तो असलेल्या संस्थांना नर्सकडून पैसे घेता येत नाहीत, खर्च हॉस्पिटलने करायचा. केरळ सरकारने जर्मन रोजगार खात्याबरोबर २०२१ मधे ट्रिपल विन नावाचा करार केला, त्यात मुलींची भाषा, मान्यता, प्रवास यांचा खर्च हॉस्पिटल उचलतं. आमच्या वॉर्डमधल्या मल्याळी मुली कर्ज न काढता आल्या आणि माझ्याबरोबरच्या एका मराठी मुलीच्या घरच्यांनी शेत गहाण टाकलेलं, एजंटचं नाव घेत नाही. हे बघून जीव तुटतो. आपल्याकडे असं काही व्यवस्थित उभं राहिलं पाहिजे.

अजून एक, करारातली परतफेडीची कलमं वाचा. दोन तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेचा आणि प्रवासाचा खर्च परत करा असं असतं. सही करायच्या आधी एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या, रक्कम किती, दर महिन्याला कमी होते का, आजारपणात काय.

टोरांटोकर_निनाद

कॅनडात जून २०१७ पासून ग्लोबल टॅलेंट स्ट्रीम आहे, तुलनेसाठी सांगतो. तिथेही कंपनीच अर्ज करते. दोन प्रकार, एकात ठराविक संस्थेने कंपनीची शिफारस करावी लागते, दुसऱ्यात पेशांची यादी आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेटावाले वगैरे. कामगार खात्याचं लक्ष्य १० कामाचे दिवस, मग वर्क परमिटचं लक्ष्य दोन आठवडे. फी १,००० डॉलर प्रत्येक जागेमागे, आणि ती कंपनीने उमेदवाराकडून वसूल करायची नाही.

मला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडते. कंपनीला नुसतं माणूस घेऊन चालत नाही, इथल्या लोकांसाठी काय करणार ते लिहून द्यावं लागतं, किती नोकऱ्या, किती ट्रेनिंग, आणि नंतर त्याचा हिशेब विचारतात. बाहेरून माणसं आणण्याबद्दल स्थानिक लोकांच्या मनात जी भीती असते तिला तेवढ्याने थोडं तरी उत्तर मिळतं. पण दोन आठवडे हे लक्ष्य आहे, हमी नव्हे. २०२३ च्या जुलैत अमेरिकेतल्या एचवनबीवाल्यांसाठी कॅनडाने १०,००० ओपन वर्क परमिट काढले होते, १६ तारखेला सुरू झालं आणि १७ ला कोटा संपला. जे घुसले ते आधीच कागद तयार ठेवून बसलेले लोक होते.

डेल्फ्टची_गौरी

नेदरलँड्समधे अजून सोपं आहे, कंपनी आयएनडीच्या (इथल्या इमिग्रेशन खात्याच्या) मान्यताप्राप्त स्पॉन्सरच्या यादीत असेल तर. यादी त्यांच्या साइटवर उघड आहे, कुणीही बघावी. डिग्रीची मान्यताच लागत नाही, पगाराची अट पाळली की झालं, २०२५ मधे ३० वर्षांखालच्यांना महिना ४,१७१ युरो आणि ३० व पुढच्यांना ५,६८८, सुट्टीचा भत्ता सोडून. इथे कंपनीला एकदाच तपासून घेतात आणि मग तिच्या शब्दावर विश्वास ठेवतात, चुकली तर दंड. जर्मनीत प्रत्येक माणसाचा प्रत्येक कागद नव्याने तपासतात. माझ्या मते नेदरलँड्सची पद्धत जास्त शहाणी आहे. पण यादीत नसलेल्या छोट्या कंपनीची ऑफर असेल तर हा सोपा मार्ग बंद, हे आधी बघा.

चाकण_शॉपफ्लोअर

इकडची उलटी बाजू थोडक्यात. आम्ही मशीन बसवायला परदेशी इंजिनिअर नोकरीवर घेतो तेव्हा भारताचा एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्यालाही पगाराची मर्यादा आहेच, वर्षाला १६.२५ लाख रुपयांच्या वर, आणि १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर आल्यावर १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या ऑफिसकडे, ऑनलाइन नोंदणी. फास्ट-ट्रॅक वगैरे काही नाही. तेव्हा तिकडच्या क्लार्कला आपल्या मार्कशीटवरचं नाव का कळत नाही ते आम्हाला चांगलं समजतं, आम्ही पण जपानी पदवीचं भाषांतर हातात धरून बसतो.

कोथरूडचा_अभि

नेकारकाठ ताई, बायको फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगी चार वर्षांची. दोघींना बरोबर न्यायचंय. बायकोला जर्मन येत नाही, अडेल का? आणि तिकडे गेल्यावर कंपनी नाही आवडली तर बदलता येते का?

नेकारकाठ

बायकोला अडणार नाही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही आणि आल्यापासून काम करायची पूर्ण मुभा असते. पण फिजिओथेरपी हा इथे मान्यता घ्यावा लागणारा पेशा आहे, म्हणजे तिला तिच्या पेशात काम करायचं असेल तर वर सिस्टर ताईंनी लिहिलंय तेच सगळं, तासांचा तक्ता आणि भाषा. तिला आत्तापासून जर्मनचा क्लास लावायला सांग. इथे येऊन दोन वर्षं घरात बसलेल्या शिकलेल्या बायका मी खूप बघितल्यात, आणि नवऱ्याच्या फाईलच्या गडबडीत त्यांच्या पेशाचा विचार कुणीच केलेला नसतो याचं मला फार वाईट वाटतं. तिचे कागद तुझ्याबरोबरच गोळा करा.

कंपनी बदलता येते. पहिल्या १२ महिन्यांत बदललीस तर ऑफिसला कळवावं लागतं, ते ३० दिवसांपर्यंत थांबवून तपासू शकतात. त्यानंतर मोकळा. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळतो, जर्मन बी१ असेल तर २१ महिन्यांनी, म्हणजे सहा महिने वाचतात. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी वाट मात्र ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली, आता पाच वर्षं.

आता नोटिस पिरियड. पत्र मिळाल्यापासून व्हिसा व्हायला सहा आठवडे धरले तरी तुझे ९० दिवस त्याच्या दुप्पट आहेत. लोक काय करतात, फास्ट-ट्रॅक शब्द ऐकून ऑफर मिळाल्याच्या दिवशी राजीनामा टाकतात. मग एखादा कागद अडकतो, शेवटचा दिवस येतो आणि पगार बंद, घराचे हप्ते चालू. असं करू नकोस. आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी सांगते की जर्मन करारात सुरुवातीची तारीख लिहिताना "व्हिसा मिळाल्यानंतर आणि सध्याची नोटिस संपल्यानंतर" असं लिहून घ्या, किंवा सरळ चार-पाच महिन्यांनंतरची तारीख घ्या. इथल्या कंपन्यांना तीन महिन्यांची नोटिस नवीन नाही, त्यांच्याकडेही असते, त्यामुळे मागायला संकोच नको. आणि राजीनामा पासपोर्टवर व्हिसा बघितल्यावरच. पूर्वसंमतीचं पत्र म्हणजे व्हिसा नाही, निकाल वकिलातच देते.

वऱ्हाडी_पाहुणा

ताई, बाबांशी बोललो. एफडी नाही मोडत म्हणाले. एजंटला कंपनीचं नाव विचारलं तर त्याने फोनच ठेवून दिला. भावाला अकोल्यातच जर्मनचा क्लास बघतो, नाहीतर ऑनलाइन लावून देतो. त्याच्या जुन्या ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र घ्यायचंय, त्याचा मसुदा इथे टाकला तर बघाल का?

नेकारकाठ

टाका, नक्की बघते. ठेकेदाराचं नाव, पत्ता, फोन झाकून टाका म्हणजे झालं. कामाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास आणि कुठली कामं केली एवढं हवं. मराठीतच लिहा आधी, भाषांतर नंतर.

अभि, तू तो नोकरीच्या तपशिलाचा फॉर्म एचआरकडून मागवून घे आणि करारातल्या तासांशी आणि पगाराशी ताडून बघ. काही शंका आली तर इथेच विचार.